कापगते सरांची राइस मिलमधली फ्रेंच

गोंदियात राइस मिलच्या सुट्या भागांचं एक दुकान आहे, त्याच्या वरच्या मजल्यावर समोरासमोर दोन खोल्या आहेत. डावीकडच्या खोलीत एकोणीस वर्षांपासून माझा इंग्रजी संभाषणाचा वर्ग चालतो. उजवीकडची खोली रिकामी असायची, म्हणून माझ्या मोडक्या खुर्च्या मी तिथे टाकून ठेवल्या होत्या. एका सकाळी जिना चढून आले तर त्या सगळ्या खुर्च्या माझ्या दारासमोर ओळीनं मांडलेल्या. एकही डुगडुगत नव्हती. आणि समोरच्या दारात एक उंच, वाळका, साठीपार गेलेला माणूस सफारीच्या खिशात पेचकस खोचून पाटी रंगवत होता. पाटीवर लिहिलं होतं, ‘फ्रेंच शिकवून मिळेल. कापगते, फिटर.’

मी हसू दाबलं नाही. तो माझा स्वभावच नाही.

“गोंदियात फ्रेंच कोण शिकणार?” मी विचारलं.

“इंग्रजी कोन शिकते?” त्यांनी ब्रश न थांबवता विचारलं.

“सगळेच शिकतात.”

“मंग उरलेले माह्याकडे येतीन.”

मी तडक खाली जाऊन दुकानाच्या सेठना विचारलं की हा कुठला नमुना आणून ठेवलाय. सेठ म्हणाले, “मॅडम, ये आदमी पागल नहीं है. हमारे पिताजी के टाइम का सबसे बढ़िया फिटर था. अफ्रीका में मिल बिठाने भेजा था दो महीने के लिए, ग्यारह साल बाद लौटा.”

एवढीच त्यांची कहाणी मला पुष्कळ दिवस ठाऊक होती. बाकीची त्यांनी कधी सलग सांगितली नाही. तुकड्यातुकड्यांनी हाती आली. टोगो नावाच्या देशात मिल बसवायला गेले, मिल चालू झाली, पण ती चालवणारा कुणी तयार होईना. एकाला तयार केलं की तो दुसऱ्या मिलवाल्यानं पळवून न्यायचा. असं करता करता अकरा वर्षं झाली. फ्रेंच त्यांना शिकवली ती तिथे तांदूळ पाखडायला येणाऱ्या बायांनी. त्यामुळे ती भाषा त्यांच्या तोंडात मिलच्याच वाटेनं शिरली होती. पट्टा तुटला, चाळणी तुंबली, कोंडा उडतोय, हे ते झोपेतही फ्रेंचमध्ये बोलले असते. कुणी आजारी आहे का विचारायचं झालं तर ते विचारायचे, मशीन बरोबर चालतेय ना. पुढे पुस्तकं आणून रीतसर अभ्यास केला, परीक्षा दिल्या, पण बोलण्याला कोंड्याचा वास लागलेला तो गेला नाही.

सर मूळचे नवेगाव बांधाकडचे. त्यांच्या पूर्वजांनी गावोगाव तलाव बांधले, हे ओळख होऊन पाच मिनिटं झाली की समोरच्याला कळायचंच. जगातली कुठलीही गोष्ट ते तलावावर आणून सोडत. मी एकदा चिडून म्हटलं, “सर, आज तलावाला सुट्टी द्या.” तर म्हणाले, “तलावाले सुट्टी देल्ली त धानाले कोन पाजन, मॅडम?” उन्हाळ्यात एकदा ते त्यांचा आख्खा वर्ग, आणि वर माझाही अर्धा वर्ग, गावच्या तलावावर घेऊन गेले. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, सगळ्यांना बसवलं आणि जे दिसतं ते फ्रेंचमध्ये सांगा म्हणाले. माझ्या मुलांना फ्रेंच येत नव्हती, त्यांना इंग्रजीत सांगा म्हणाले. माझ्या मुलांना इंग्रजीही येईना. ती फजिती मी सरांना अजून माफ केलेली नाही. दुपारी काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, सगळ्यांना भात आणि झिंग्यांचा रस्सा वाढला. वाढता वाढता मला म्हणाल्या, “अकरा वर्सं थितं रायले, म्हन्ते दुनियाची भाषा येते. आन घरी येऊन मलेच इचारते, मीठ कुटी आहे.”

सरांच्या वर्गाची रीत कुठल्याच वर्गासारखी नव्हती. नवा विद्यार्थी आला की पहिला प्रश्न एकच असायचा, “घरी काय बोलता?”

आमच्याकडे या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं आहे. “हिंदी, सर.” घरी पोवारी बोलत असोत, गोंडी बोलत असोत, छत्तीसगढी बोलत असोत की झाडीबोली, गोंदियाच्या बाजारात उतरलं की सगळ्यांच्या घरी हिंदी बोलली जाते. कुणी कुणाला सांगितलेलं नाही, पण कायदा असल्यासारखं सगळे पाळतात. सर मान हलवायचे आणि म्हणायचे, “बरं. आईले फोन लाव. म्हना, जेवली का.” मुलगा घाबरत फोन लावायचा, आणि आईचा आवाज कानावर पडला की तोंडातून आपसूक पोवारी बाहेर पडायची. बाकीची मुलं खो खो हसायची. सर म्हणायचे, “हे आहे तुहं घर. आता या घरातून बाहेर निंगू, तिकडं फ्रेंच उभी आहे.” रोजची पहिली पंधरा मिनिटं ज्यानं त्यानं आपल्या घरच्या भाषेत बोलायचं, मग तेच फ्रेंचमध्ये. हिंदीला त्या खोलीत मज्जाव होता. “हिंदी चांगली आहे,” ते म्हणायचे, “पर ते दलाल होय. दोघांच्या मंधात दलाल कायले?”

आणि इकडे माझ्या भिंतीवरच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: घरीही इंग्रजीच बोला.

आमचं भांडण होणार हे उघडच होतं. ते झालं सुनीता कुमरेवरून. सुनीता दरेकशाजवळच्या एका टोलीवरची, म्हणजे लहानशा वस्तीवरची, गोंड घरची मुलगी. डी.एड. झालेली, पण वर्षानुवर्षं जागाच निघेनात, म्हणून एका छोट्या संस्थेची बालवाडी सकाळी चालवायची आणि आठवड्यातून तीन दिवस दुपारच्या पॅसेंजरनं माझ्या वर्गाला यायची. तीन महिन्यांत ती माझ्या वर्गात एकूण दहा वाक्यं बोलली असेल. मग एक दिवस ती समोरच्या खोलीत दिसली. मी सरांकडे गेले आणि सरळ म्हटलं, “माझी मुलं पळवायला शरम वाटत नाही?”

“पळवली नाई. पानी प्यायले आली होती, बसून गेली.”

“ती बोलतच नाही. तुमच्याकडे काय करणार आहे?”

“मॅडम, ते पोट्टी मुकी नाई. तुमी तिले म्हन्ता, घरचं सारं बाहेर ठेवून ये आन मंग बोल. हॉपरमंदी धानच नसन त मिल कायचा तांदूर काढन?”

मी फणकाऱ्यानं त्यांच्या दाराशी ठेवलेली माझी एक खुर्ची उचलून आणली. पण त्या दुपारी भिंतीपलीकडून सुनीताचा आवाज ऐकू आला. ती बालवाडीतल्या पोरांची नक्कल करत होती, आधी गोंडीत, मग मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये. मोठा, मोकळा आवाज होता. तीन महिने ही मुलगी माझ्यासमोर बसली होती आणि तिला आवाज आहे हे मला माहीत नव्हतं. मला फार वाईट वाटलं. भिंतीवरची पाटी मात्र मी लगेच काढली नाही. एवढी काही मी समजूतदार नाही.

दोन वर्षांत सुनीता सरांची सर्वांत पुढची विद्यार्थिनी झाली. त्याच सुमारास सरांची एक जुनी विद्यार्थिनी, तिरोड्याची नर्स, कॅनडात मॅनिटोबा प्रांतातल्या एका खेड्यात कामाला लागली होती. तिनं सरांना कळवलं की इथे आसपास सगळा इंग्रजीचा मुलूख आहे, त्यात फ्रेंच बोलणाऱ्यांची काही गावं पिढ्यान्‌पिढ्या तग धरून आहेत. त्यांची स्वतःची फ्रेंच शाळा आहे, पण शिशुवर्गाला बाई मिळत नाही. बाई मिळाली नाही तर पोरं इंग्रजी शाळेत जातील, आणि मग वरचे वर्गही एकेक करून रिकामे होतील. म्हणून बाहेरच्या देशांतून फ्रेंच येणारे शिक्षक ते बोलावतात.

त्या दिवशी सर माझ्या वर्गात न विचारता शिरले. “मॅडम, आयकून राहिल्या का? टोगोमंदी फ्रेंच साहेब होती. हापिसात खुर्चीवर बसे. लोकं घरी आपली भाषा बोलत आन फ्रेंचले सलाम ठोकत. आन थेच फ्रेंच कॅनडात त्या गावात आपल्या झाडीबोलीसारखी, चपला बाहेर काढून दाराशी बसते. मंजे भाषा लहान-मोठी नसतेच. जागा असते.”

“मग?”

“मंग त्यायले असी बाई पायजे जिले दाराशी बसनं म्हंजे काय, माहीत आहे. सुनीताशिवाय कोन आहे?”

सुनीताला विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “मले शिक्षिका व्हायचं आहे, सर. खरीखुरी. कागदावरची.” डी.एड.चं प्रमाणपत्र आईच्या पेटीत ठेवून सहा वर्षं वाट पाहिलेल्या मुलीचं ते बोलणं होतं. सर लगेच कामाला लागले. परीक्षा झाली, चांगले गुण मिळाले, शाळेचा अर्ज सरांनी स्वतः बसून भरला. अक्षर त्यांचं सुरेख, त्यामुळे अर्ज भरायचे तेच.

मुलाखत माझ्या खोलीत झाली, कारण इन्व्हर्टर माझ्याकडे होता. सकाळचे सात वाजले होते; तिकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ होती. लॅपटॉपवर तीन माणसं दिसली, मध्ये पांढऱ्या केसांची मुख्याध्यापिका, तिला सगळे मादाम म्हणत. आत उमेदवाराशिवाय कुणी नको असं कळवलेलं होतं, म्हणून सर दाराबाहेर स्टुलावर बसले. मी मात्र इन्व्हर्टर सांभाळायला कोपऱ्यात होते. मला फ्रेंच येत नाही, पण चेहरे वाचता येतात. काय बोलणं झालं ते सरांनी नंतर सांगितलं.

सुरुवात छान झाली. सुनीता न अडखळता बोलत होती. मग मादामनी विचारलं, पहिल्या दिवशी मूल रडायला लागलं तर तुम्ही काय करता? सुनीता म्हणाली, मी त्याच्याशी त्याच्या घरच्या भाषेत बोलते, आमच्या गोंडीत.  चष्मा वर करून मादामनी हातातला कागद पाहिला आणि काहीतरी विचारलं. सुनीताचा चेहरा पांढरा पडला.

मादामनी विचारलं होतं, “तुमच्या अर्जात मातृभाषा हिंदी लिहिली आहे. खरं काय आहे?”

तो अर्ज सरांनी लिहिला होता. ज्या माणसानं दोन वर्षं त्या खोलीत हिंदीला पाऊल ठेवू दिलं नव्हतं, त्यानं स्वतःच्या सुरेख अक्षरात लिहिलं होतं, हिंदी. सुनीतानं अर्ज वाचून सही केली होती आणि तिलाही ते खटकलं नव्हतं. आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला ते कधीच खटकत नाही. सुनीतानं सरांचं नाव घेतलं नाही. ती खाली मान घालून म्हणाली, “माझी चूक झाली.” दुसऱ्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. कागदावर एक आणि तोंडात एक असेल तर लेकरं कशी सोपवायची, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

दार उघडून सर आत आले. नियम मोडून, सरळ लॅपटॉपसमोर. उभ्यानंच, मिलमध्ये बोलतात तशा चढ्या आवाजात म्हणाले, “बाँजूर मादाम. फिटिंग मी केलं. फिटिंग चुकलं. मशीन चांगली आहे.” आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. ते स्वतः कोण, त्यांची बोली कोणती, अकरा वर्षं परदेशात प्रत्येक कागदावर त्यांनीही हिंदीच कशी लिहिली, आणि या मुलीचा अर्ज भरताना हात कसा आपोआप तिकडेच गेला. मादामनी हातातला कागद खाली ठेवला. मग म्हणाल्या, “माझ्या आईनंही एकदा असाच एक कागद भरला होता. मातृभाषेपुढे तिनं इंग्रजी लिहिलं होतं.” आणि सुनीताला म्हणाल्या, आता ते रडणारं मूल मी आहे असं समजा.

सुनीता लॅपटॉपशी पाच मिनिटं गोंडीत बोलली. बोटांवर उंदी, रंड, मूंद असं मोजून दाखवलं, पदराची बाहुली केली, ती रुसवली, हसवली. पलीकडच्या तिघांना अक्षरही कळलं नसेल. मादाम हसत होत्या.

सर मात्र जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले होते. मी चहा नेऊन दिला. म्हणाले, “दुसऱ्याच्या पोट्ट्यायले रोज घर दाखवून राहिलो, मॅडम. सोता मात्र अजून बाजारातच उभा आहे.” त्यांना इतकं लहान झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं. एरवी मी टोमणा मारायची संधी सोडत नाही, त्या दिवशी सोडली. वर जाऊन माझ्या भिंतीवरची पाटी तेवढी काढली.

तीन आठवड्यांनी निवडीचं पत्र आलं. सेठनी खाली पेढे वाटले. पुढचे कागद व्हायला बरेच महिने लागले. तेही झाले, आणि अगदी निघायचा महिना ठरल्यावर सुनीता वर्गात येऊन म्हणाली, “सर, मी नाई जात.”

मी समोरच्या खोलीतून धावत आले. सर म्हणाले, “काऊन?”

“माह्या बालवाडीत बावीस लेकरं आहेत. घरून निंगते तवा त्याइले गोंडीच येते, दुसरं काई येत नाई. माह्याआधी दोन वर्सं बाहेरची बाई होती. लेकरं भिताडाले टेकून बसत, शी लागली तरी सांगत नसत. मी गेली त पुन्हा तसंच होईन. आता संस्थावाले हेमलताबाईले घेऊन राहिले माह्या जागी. थे सालेकशाची. पोवारी येते, हिंदी येते. गोंडी नाई येत.”

“ती शिकेल की!” मी म्हटलं.

“विचारलं मी. म्हन्ते, कायले शिकू? लेकरं हासतीन माह्यावर.”

मला भयंकर राग आला. हेमलताचा, संस्थेचा, आणि खरं सांगायचं तर सुनीताचाही. सहा वर्षं वाट पाहून हातात आलेली गोष्ट ही मुलगी टाकून द्यायला निघाली होती. मी तिला वाट्टेल ते बोलले. सरांनी मला हातानं थांबवलं. मग म्हणाले, “मॅडम, तिले नका बोलू. तिकडची शाळा भरासाठी मी इकडची रिकामी करून राहिलो, हे माह्या ध्यानातच नाई आलं. पाळ एकीकडं बांधली आन दुसरीकडून फोडली.” सुनीताकडे वळून म्हणाले, “तिकिटाले किती दिस आहेत?”

“महिना.”

“मंग महिनाभर थांब. कोनाले काई कळवू नको.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं सर दरेकशाला गेले. हेमलताबाईंना भेटून त्यांनी काय केलं, ते सुनीतानं मला सांगितलं. उपदेश केला नाही, भाषेचं महत्त्व वगैरे काही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, “बाई, मले गोंडी शिकाची आहे. एकट्याले शरम लागते. तुमी माह्यासंग बसान का?” सुनीताची आजी दोघांना शिकवायला तयार झाली. जागा ठरली बालवाडीचीच, लेकरांच्या मधोमध, रोज पोरं खाऊ खाऊन बसली की अर्धा तास. सर मंगळवारी आणि शुक्रवारी यायचे, हेमलताबाई तर काम समजून घ्यायला रोज तिथेच असायच्या. पहिल्याच दिवशी सरांनी पाणी मागताना असं काही म्हटलं की बावीसच्या बावीस लेकरं जमिनीवर लोळून हसली. हेमलताबाईही हसल्या. मग त्यांनी ते बरोबर म्हणून दाखवलं.

महिना संपायला चार दिवस उरले असताना एक लहानगी हेमलताबाईंच्या कडेवर बसून गोंडीत काहीतरी कुरकुरत होती, आणि हेमलताबाई तिला तोडकंमोडकं उत्तर देत होत्या. ते सुनीतानं पाहिलं. पॅसेंजरनं गोंदियाला आली, सरांच्या पाया पडली आणि म्हणाली, “जातो मी.” गेलीही. तिकडून फोटो येतात. जाड कोटातली सुनीता आणि तिच्याभोवती तसलेच जाड कोट घातलेली गुबगुबीत पोरं.

सर मात्र सुनीता गेल्यावरही दरेकशाला जातच राहिले. दिवाळी झाली, थंडी सरत आली. गुडघे दुखायचे, मांडी घालून बसता यायचं नाही, तरी मंगळवार-शुक्रवार चुकवत नसत. एक दिवस सुनीताचा फोन आला, आवाजात काळजी. “मॅडम, सर बरे आहेत का? हेमलताबाई म्हन्ते, सरांच्या डोक्यात काईच शिरत नाई. सहा महिने झाले, अजून पहिल्या दिवशीसारखंच चुकतात. बाई आता चांगली बोलते. सरांची उगाच फरफट होते.”

मलाही ते पटलं. टोगोत फ्रेंच शिकलेला माणूस आता वयानं थकला, हे त्याला कुणीतरी तोंडावर सांगायला हवं होतं, आणि असली कामं गावात माझ्यावरच येतात. पुढच्या शुक्रवारी वर्ग बंद ठेवून मी दरेकशाला गेले.

बालवाडी स्टेशनपासून जरा आत, सागाच्या झाडांत आहे. मी पोचले तेव्हा आत हेमलताबाईंचा आवाज येत होता आणि पोरं त्यांच्यामागून ओरडत होती. बाहेरच्या हापशीवर सर कळशी भरत होते. शेजारी दगडावर सुनीताची आजी बसली होती. दोघं बोलत होते, मला पाठमोरे.

मला गोंडी येत नाही. पण माणूस भाषेत चाचपडतोय की ऐटीत चालतोय, हे कळायला ती भाषा यावी लागत नाही. माझी उमर त्यातच गेली आहे. सर भराभर बोलत होते. आजीनं काहीतरी विचारलं, त्यांनी लांबलचक काहीतरी सांगितलं, त्यात नवेगावचं नाव आलं, हातांनी तलावाची पाळ दाखवली. आजी तोंडाला पदर लावून हसली आणि तिनं त्यांना उलट काहीतरी सुनावलं. ते सरांना लागलं असावं, कारण त्यांनी हापसणं थांबवून तिला तितकंच मोठं उत्तर दिलं. कुठे अडले नाहीत, कुठे शब्द शोधला नाही.

मी झाडाआड तशीच उभी राहिले; उघड्या दारातून आतलं सगळं दिसत होतं.

आतून हेमलताबाईंनी हाक मारली. सरांनी कळशी उचलली, गुडघ्यावर हात देत पायरी चढले आणि पोरांच्या मधोमध हळूहळू बैठक मारली. आजी येऊन समोर बसली. तिनं कळशीकडे बोट करून त्यांना काहीतरी विचारलं. सरांनी कपाळाला आठ्या घातल्या, छताकडे पाहिलं, मान खाजवली आणि अडखळत भलतंच काहीतरी बोलले. पोरं आरडाओरडा करत हसली. हेमलताबाईंनी हसू आवरत, मोठ्या स्वच्छ आवाजात तेच वाक्य बरोबर म्हणून दाखवलं, आणि एक चिमुरडी त्यांच्या गळ्यात पडली.

आजीनं सरांना परत एकदा विचारलं. सरांनी परत एकदा चुकवलं. मी स्टेशनकडे वळले, हाक न मारता.